हांकेचा ठावठिकाणा

मालवणी मुलखांत लांबच्या माणसाला मोठ्यानें घातलेल्या हांकेला ‘कुकारो’ म्हणतात. डोंगराच्या एका अंगाला गुरें राखणारा पोर दुसऱ्या अंगाच्या सोबत्याला कुकारो घालतो, आणि माजघरांतली गृहिणी व्हाळापलीकडे काम करणाऱ्या घरधन्याला. या हांकेंत एक गुण असा आहे कीं, ती कानीं पडतांच ऐकणारा आपोआप त्या दिशेस वळतो. आवाज आणि आवाजाचें ठिकाण हीं दोन्ही एकदमच त्याच्यापर्यंत पोंचतात. ‘कोठून ओरडतोस?’ असें विचारण्याची पाळी सहसा येत नाहीं.

टेलिफोनानें या दोहोंची फारकत केली. आवाज शेंकडों कोस जाऊं लागला, पण ठिकाण मागेंच राहिलें. संकटाच्या वेळीं मदतीचा क्रमांक फिरविला असतां पलीकडे जीं माणसें व जीं यंत्रें जागीं होतात, त्यांचा बराचसा खटाटोप या मागें राहिलेल्या ठिकाणाचा शोध घेण्यासाठीं असतो. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांत तो खटाटोप कसा चालतो, कोठें अडतो, आणि त्यांतला कोणता वांटा घरच्या माणसांनींच उचलावयाचा असतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या व्यवस्थेचा उगम एका आगींत आहे. नोव्हेंबर १९३५ मध्यें लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पांच स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. जवळच राहणाऱ्या एका गृहस्थानें बंबवाल्यांना कळविण्यासाठीं टेलिफोन उचलला होता. परंतु किरकोळ कामासाठीं आलेल्या इतर हांकांबरोबर त्याचीही हांक एक्स्चेंजमध्यें रांगेंत उभी राहिली. त्यानें ‘टाइम्स’ पत्राकडे तक्रार लिहून धाडली, सरकारी चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजीं लंडनांत ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अशा प्रकारचा जगांतील हा पहिला क्रमांक होय. तो फिरवितांच एक्स्चेंजमध्यें तांबडा दिवा लागे आणि भोंगा वाजे. मग तेथील बाई हातचें काम टाकून प्रथम त्या हांकेला ओ देई. नऊचा आंकडा निवडतांना, तबकडीवरील त्याचें छिद्र अंधारांत वा धुरांतही बोटांनीं चाचपून सांपडावें, हा विचार झालेला होता. संकटांत सांपडलेल्या माणसाची बुद्धि नव्हे, तर त्याचीं बोटें कामाला येतील, हें त्या योजकांनीं ओळखलें होतें.

अमेरिकेंत फेब्रुवारी १९६८ मध्यें अलाबामा राज्यांतील हेलीव्हिल या लहानशा गांवीं ९११ या क्रमांकावर पहिली हांक गेली. पुढें तेथें अनेक ठिकाणीं प्रत्येक ‘काउंटी’नें, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागानें, स्वतःचें केंद्र उभारलें. हिंदुस्थानांत पोलिसांसाठीं १०० व अग्निशामकांसाठीं १०१ असे निरनिराळे क्रमांक होते. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक ऑगस्ट २००५ मध्यें हैदराबादेस सुरू झाला. महाराष्ट्रांत तो २६ जानेवारी २०१४ पासून आला, तेव्हां ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती. त्यांपैकीं २३३ अधिक सुसज्ज व ७०४ साध्या. परंतु दोन्ही प्रकारांत डॉक्टर बरोबर असावा असा नियम. सर्व संकटांसाठीं ११२ हा एकच क्रमांक असावा, या धोरणाचा आरंभ नोव्हेंबर २०१८ मध्यें हिमाचल प्रदेशानें केला, आणि महाराष्ट्रांत ही व्यवस्था २०२१ सालीं चालू झाली.

आतां मालवणच्या बाजारपेठेंतून कोणी ११२ फिरविला, तर काय होतें तें पाहूं. ती हांक मालवणच्या पोलिस ठाण्यांत वाजत नाहीं. ती रस्त्यानें सुमारें पांचशें किलोमीटर दूर असलेल्या नवी मुंबईच्या केंद्रांत जाते. तेथील सर्व माणसें गुंतलेलीं असतील, तर नागपूरचें दुसरें केंद्र तिला ओ देतें. ऐकणारा माणूस विचारपूस करतां करतां समोरच्या पडद्यावर नोंद करीत जातो. ती नोंद सिंधुदुर्गनगरीस, म्हणजे ओरोसला, जिल्हा पोलिसांच्या नियंत्रण कक्षांत उमटते. तेथील माणसाला आपल्या गाड्या कोठें कोठें आहेत हें नकाशावर दिसत असतें. जी जवळ व मोकळी असेल तिच्याकडे तो काम सोंपवितो. गाडींतही एक पडदा असतो. काम स्वीकारलें, निघालों, पोंचलों, असे टप्पे तेथून कळविले जातात आणि प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदली जाते. १०८ फिरविला तर हांक पुण्याच्या केंद्रांत जाते. तेथें सल्ला देणारे डॉक्टरही असतात.

ऐकणारा एक आणि गाडी धाडणारा दुसरा, ही वांटणी मुद्दाम केलेली आहे. एकच माणूस दोन्ही कामें करूं लागला तर गाडी शोधण्यासाठीं त्याला बोलणें सोडावें लागेल. आणि घाबरलेल्या माणसाला सोडतां येत नाहीं. म्हणून हांक देणारा अजून बोलत असतांनाच त्याची नोंद दुसऱ्यापुढें गेलेली असते. पुष्कळांचा असा समज असतो कीं, पलीकडचा माणूस प्रश्न विचारून वेळ दवडतो आहे. वस्तुतः पहिल्या उत्तरानंतर गाडी हलविण्याची तयारी झालेली असूं शकते, आणि पुढचे प्रश्न वाटेवर निघालेल्या माणसाच्या उपयोगासाठीं असतात.

यासाठींच सर्वत्र पहिला प्रश्न एकच: कोठें? काय झालें, किती जणांना झालें, बोलणारा कोण, हे सारे प्रश्न मागाहून. फोन मध्येंच तुटला आणि तोंवर फक्त ‘कोठें’ एवढेंच कळलें असेल, तरी कोणीतरी तेथवर जाऊं शकतो. ‘काय’ कळलें आणि ‘कोठें’ कळलें नाहीं, तर साऱ्या महाराष्ट्रांतील गाड्या असून नसून सारख्याच.

येथें कोणी म्हणेल कीं, मोबाइल फोनचें ठिकाण यंत्राला कळत नाहीं काय? कळतें, पण सर्व ठिकाणीं सारखें नाहीं. हांक कोणत्या मनोऱ्याच्या द्वारें आली एवढें तर कळतेंच. शहरांत मनोरे जवळजवळ असल्यामुळें तेवढ्यानेंही एखादी आळी हातीं लागते. उलट सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवांत एकाच मनोऱ्याच्या पोटांत पांचपन्नास वाड्या, दोन नद्या आणि एखादा घाट येऊं शकतो. फोनमध्यें ११२ चें उपयोजन घेतलेलें असेल, तर उपग्रहांच्या साह्यानें काढलेलें नेमकें ठिकाण तें पाठवितें. परंतु तेंही फोन नवा असेल आणि इंटरनेट चालू असेल तर. म्हाताऱ्या माणसाच्या हातांतल्या साध्या बटणांच्या फोनला त्याचा उपयोग नाहीं. अशा फोनसाठीं २०१७ पासून निराळी सोय आहे: ५ किंवा ९ चें बटण कांहीं वेळ दाबून धरलें कीं मदतीची हांक जाते, मोठ्या पडद्याच्या फोनवर चालू-बंद करण्याचें बटण लागोपाठ तीनदां दाबावें लागतें. पण हांक गेली तरी ठिकाणाचा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न कोंकणांत अधिक बिकट आहे. देशावरचा गांव बहुधा एके जागीं गोळा झालेला असतो. कोंकणांतला गांव वाड्यावाड्यांनीं डोंगरउतारावर पसरलेला असतो. देऊळवाडी, भंडारवाडी, गांवठणवाडी हीं नांवें गांवोगांव सांपडतात. नांदगांव कणकवली तालुक्यांत आहे, नाशिक जिल्ह्यांत आहे आणि अमरावती जिल्ह्यांतही आहे. घराचा क्रमांक असतो, पण तो घरपट्टीच्या पावतीवर. तोंडीं पत्ता निराळाच. ‘रवळनाथाच्या देवळामागून व्हाळ ओलांडलास कीं गडग्याच्या कडेनें वर ये, मांगर लागेल, त्याच्या वरच्या अंगाचें घर.’ देऊळ ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठीं याहून अचूक पत्ता नाहीं. नवी मुंबईच्या अथवा पुण्याच्या पडद्यापुढें बसलेल्या मुलीला मात्र व्हाळ म्हणजे ओढा आणि गडगा म्हणजे दगडांचा बांध हेंही कोणीतरी सांगावें लागेल. दोष तिचा नाहीं आणि सांगणाराचाही नाहीं. दोघे दोन भाषांत ठिकाण सांगत असतात.

अमेरिकेंतील काउंटीच्या केंद्राशीं तुलना केली तर यांतील देवघेव स्पष्ट होते. जिल्ह्यांतच बसलेला माणूस गांवांचीं नांवें जाणतो. पण एखाद्या मोठ्या अपघाताच्या वेळीं एकदम शंभर हांका आल्या, तर चारपांच माणसांचें तें केंद्र गुदमरून जातें. राज्याच्या एका मोठ्या केंद्राला तें भय कमी. एक भरलें तर दुसरें तयार. तेथें माणसें पुष्कळ, पण गांवची ओळख थोडी. महाराष्ट्रानें ऐकण्याचें काम दूर ठेवलें आणि धाडण्याचें काम जिल्ह्यांत ठेवलें, त्यामुळें कांहीं भरपाई होते. सिंधुदुर्गनगरीच्या कक्षांतल्या शिपायाला आचरा कोठें आणि तळाशील कोठें हें सांगावें लागत नाहीं. पण त्याच्यापर्यंत नांव बरोबर पोंचलें पाहिजे.

एक प्रसंग कल्पून पाहावा. भाद्रपदांतील रात्र, पाऊस, मांगरांतून लांकडें काढतांना साठीच्या गृहस्थाला फुरसें चावलें. कोंकणांत हें सर्पदंशाचें नेहमींचें रूप. घरांत बायको आणि चौदा वर्षांचा नातू. पोरानें १०८ फिरविला आणि सांगितलें, ‘साप चावला, लवकर या.’ येथून त्या घराचें नशीब तीन गोष्टींवर टांगलेलें असतें. पहिली, पोराला तालुका, गांव, वाडी या क्रमानें पत्ता सांगतां येतो कीं नाहीं. दुसरी, पलीकडच्या सूचना तो ऐकतो कीं नाहीं: जखम कापूं नये, तोंडानें ओढूं नये, दोरी घट्ट आवळूं नये, चावलेला पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा आणि माणसाला चालवूं नये. विषावर उतारा एकच, रुग्णालयांतील लस. आणि ती मालवणच्या ग्रामीण रुग्णालयांत, कणकवलीस, सावंतवाडीस किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत मिळावयाची. तिसरी गोष्ट सर्वांत साधी. गाडी पाणंदींतून घरापर्यंत येत नसते. ती तिठ्यावर येऊन थांबते. त्या तिठ्यावर हातांत बॅटरी घेतलेला एक शेजारी उभा असेल, तर पांच मिनिटें वांचतात. नसेल, तर चालक अंधारांत चार वाड्या हिंडतो.

शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांशीं या विषयाचा संबंध येथें येतो. सिंधुदुर्गांतल्या कितीतरी घरांत आज दोन वृद्ध माणसें राहतात आणि मुलें मुंबईस, पुण्यास किंवा बंगळुरास असतात. रात्रीं छातींत कळ आली कीं आई ११२ फिरवीत नाहीं. ती मुलाला फोन करते. तिच्या दृष्टीनें हें स्वाभाविकच आहे. मग मुलगा डोंबिवलीहून मदतीचा क्रमांक फिरवितो, आणि यंत्राला जें ठिकाण दिसतें तें डोंबिवलीचें. त्यानें आरंभींच ‘संकट माझ्या घरीं नाहीं, सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मालवण तालुक्यांत आहे’ असें सांगितलें नाहीं, तर पहिलीं दोन मिनिटें गैरसमजांत जातात. तो बंगळुरास असेल, तर त्याची ११२ ची हांक कर्नाटकाच्या केंद्रांत जाते, कारण हांक ज्या राज्यांतून निघते त्या राज्याचेंच केंद्र तिला ओ देतें. दोडामार्ग आणि बांदा या बाजूला तर उलट चमत्कार घडूं शकतो: माणूस महाराष्ट्रांत, पण त्याचा फोन गोव्याच्या मनोऱ्याला लागलेला, आणि हांक गोव्यांत. अशा वेळीं राज्याचें नांव प्रथम सांगणें हाच उपाय. आणि दूरच्या मुलानें मदत-केंद्राच्याही आधीं शेजाऱ्याला जागें करावें. तो दोन मिनिटांत दारांत असतो.

किनारा सोडून समुद्रांत गेलें कीं ठिकाणाचा प्रश्न पुन्हां बदलतो. सिंधुदुर्गाला सुमारें १२१ किलोमीटरचा किनारा आहे. देवगड, सर्जेकोट, मालवण, वेंगुर्ले येथून होड्या व यांत्रिक नौका बाहेर पडतात. कांहीं मैल गेल्यावर मोबाइल मुका होतो. तेथें आवाज जातो तो व्हीएचएफ रेडिओच्या १६ व्या वाहिनीवर. ही वाहिनी जगांतील सर्व नौका संकटासाठीं ऐकत असतात. फोनची पोंच असेल तर तटरक्षक दलासाठीं १५५४ आणि सागरी पोलिसांसाठीं १०९३ हे क्रमांक आहेत. पण तांडेल आपलें ठिकाण ‘इतक्या वाव पाण्यांत’ असें सांगतो, आणि शोधास निघणाऱ्या जहाजाला अक्षांश-रेखांश हवे असतात. वाव म्हणजे खोली. तेवढी खोली किनाऱ्याच्या सबंध लांबीला कोठेंही असूं शकते.

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळांत कोंकणचे कित्येक मच्छिमार समुद्रावरून परतले नाहींत. इस्रोनें मच्छिमारांसाठीं तयार केलेलें संकट-संदेश यंत्र २०१० पासून वापरांत आलें. कळ दाबली कीं नौकेचें ठिकाण उपग्रहाच्या द्वारें चेन्नईच्या केंद्रास कळतें आणि तेथून तटरक्षक दलास. त्यांत एक उणीव होती. कळ दाबणाराला आपली हांक पोंचली कीं नाहीं हें समजत नसे. जानेवारी २०२४ मध्यें आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रानें ती भरून काढली. हांक मिळाल्याचें उत्तर आतां नौकेवर येतें. बुडत्या होडींत बसलेल्या माणसाला हें उत्तर किती मोलाचें, तें सांगावयास नको. कुकारो घातला आणि पलीकडून ओ आली, तर माणूस धीर धरून बसतो. ओ आली नाहीं तर तो पोहत निघण्याचें धाडस करतो, आणि शोधणारांच्या नकाशावरून नाहींसा होतो.

यंत्रांवर सर्व भिस्त ठेवूं नये, याचाही दाखला याच किनाऱ्यानें दिला आहे. १६ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलें. विजेचे खांब कोसळले, झाडें रस्त्यांवर आडवीं झालीं, आणि विजेवांचून फोनचे मनोरेही मुके झाले. ज्या दिवशीं हांक सर्वांत गरजेची, त्याच दिवशीं हांक जाण्याची वाट बंद. अशा दिवसांसाठीं जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत आपत्ति-नियंत्रण कक्ष असतो. त्याचा क्रमांक १०७७. तो वादळापूर्वींच वापरण्याची सवय असली पाहिजे: कोणत्या वाडींत आजारी माणूस आहे, कोणत्या घरावर माड झुकलेला आहे, हें आकाश निवळ असतांना कळविलें, तर वादळाच्या रात्रीं फोन न लागला तरी कोणाला तरी तें ठाऊक असतें.

कांहीं संकटें अशीं असतात कीं, त्यांत कोणत्याही केंद्राची गाडी वेळेवर पोंचूंच शकत नाहीं. एप्रिल २०१७ मध्यें बेळगांवच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलींतील आठ जण वायरीच्या समुद्रांत बुडून मरण पावले. पाण्यांत श्वास कोंडल्यावर चारसहा मिनिटांत मेंदूला इजा होऊं लागते. एवढ्या वेळांत ओरोसहून, किंबहुना मालवण गांवांतूनही, कोण येणार? तेथें उपयोगी पडतो तो किनाऱ्यावरचा माणूस, म्हणजे रापण ओढणारा, होडीवाला, पोहणारा. केंद्राचें काम त्याच्यानंतर सुरू होतें. म्हणून ‘आज समुद्रांत उतरूं नका’ असें किनाऱ्यावरचा मच्छिमार सांगतो, तेव्हां मदतीची पहिली हांक त्यानेंच दिलेली असते. ती पाहुण्यांनीं ऐकावी एवढेंच.

आणखी एक गोष्ट या व्यवस्थेला आंतून पोखरते, ती म्हणजे निरर्थक हांका. मुलें गंमत म्हणून क्रमांक फिरवितात. कोणी विजेच्या बिलाची चौकशी करतो. कोणी चुकून बटण दाबतो आणि घाबरून फोन ठेवून देतो. यांतल्या शेवटच्या माणसानें फोन ठेवूं नये. ‘चूक झाली’ एवढे दोन शब्द बोलावे. कारण न बोलतां तुटलेली हांक ऐकणाराला टाकून देतां येत नाहीं. तोंड दाबलेली स्त्रीही बोलूं शकत नाहीं आणि पक्षाघात झालेला वृद्धही नाहीं. त्या मुक्या हांकेमागें उलट फोन करावा लागतो, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणाच्या वांट्याचा जातो.

या साऱ्याचा निष्कर्ष फार मोठा नाहीं. ऐकणें, नोंदणें, गाडी शोधणें आणि धाडणें हीं कामें सरकारनें यंत्रांवर व पगारी माणसांवर सोंपविलीं आहेत. ठिकाण सांगण्याचें काम मात्र अजून घराकडेच आहे, आणि तें ऐन संकटांत सुचणार नाहीं असें गृहीत धरूनच करून ठेवलें पाहिजे. गणेशचतुर्थीला गांवीं जाणाऱ्या मंडळींनीं एक काम अवश्य करावें. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत राज्य, जिल्हा, तालुका, गांव, वाडी, जवळचें देऊळ किंवा शाळा, आणि गाडी जेथवर येऊं शकते त्या तिठ्याचें नांव लिहावें. खालीं ११२ आणि १०८ हे आंकडे व दोन शेजाऱ्यांचे क्रमांक लिहावे. आणि तो पुठ्ठा, म्हाताऱ्या आईवडिलांना चष्म्यावांचूनही वाचतां येईल असा, फोन ठेवण्याच्या जागेवर भिंतीला लावावा. मग घरांतल्या मुलाकडून तो एकदां मोठ्यानें वाचून घ्यावा. गणपति पोंचवून परत येण्यापूर्वीं हें काम उरकतें, आणि त्याला खर्च कांहींच येत नाहीं.